रकाना अकरा

मिरजेच्या ऑफिसात नकाशा भिंतीवर आहे,
पंख्याच्या वाऱ्यानं त्याचा आटपाडीकडचा कोपरा उडतो.
लाल, केशरी, फिका पिवळा, पांढरा.
सगळ्यात लाल मिरज.
का, ते मला माहीत आहे :
अथणीचा माणूस, रायबागचा माणूस
दवाखान्यामागं खोली घेतो, एक स्टोव्ह, दोन पातेली,
आणि पत्ता विचारला की खोलीचाच सांगतो.
मी खोडते. मूळ गाव कुठलं, काका?
लाल थोडा उतरतो.

पाटणच्या वरच्या अंगाला मात्र पांढरं.
तिथं दिवसातून एक एसटी.
सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊन
माणूस जातो, छातीचा फोटो निघायच्या आत.
दाखल्यावर कारण : वृद्धापकाळ. वय : चोपन्न.
पांढरा म्हणजे निरोगी नव्हे,
हे मी मीटिंगमध्ये दोनदा बोलले.
चहा आला.

आलेख चढतोय म्हणतात. चढतोयच.
कराडला नवं मशीन आलं त्या वर्षी तर
जिना चढावा तसा चढला.
रोग वाढला की नुसता उजेड पडला,
त्याला आलेखात वेगळी रेघ नाही.

काल विट्याच्या पुढं, माळावर.
घराच्या कपाळावर सिमेंटची अक्षरं : कोइमतूर कृपा.
शेजारी मदुराई निवास. पलीकडं अमृतसर, कुलूप लावलेलं.
निम्मं गाव असंच,
देशभर सोनं-चांदी गाळायला गेलेलं.

हिंदुराव साळुंखे. वय एकसष्ट. उजवं फुफ्फुस.
विडी? न्हाई.
तंबाखू? सुपारीबी न्हाई ओ.
घरात चूल? तिकडं गॅसच हुता, पहिल्यापासनं.
माझे रकाने संपत आले.
मग तेच बोलले, उशीला टेकून, दम घेत घेत :
धा बाय बाराची खोली.
खिडकी हुती, पर उघडली की शेजारी भांडायचे.
भट्टीत मूस. तेजाब वतलं की तांबूस धूर,
पयल्यांदा गोड लागायचा घशाला.
"धुराच्या रंगावरनं सांगायचो मी,
माल किती भेसळीचा."
आता पोरगा हाय तिथं.
त्यानं पंखा बसवलाय.

रकाना अकरा : सध्याच्या पत्त्यावर किती काळ?
सात महिने.
नियम एक वर्षाचा आहे.

"सात म्हैने कसलं?" अक्काताई दारातनं.
"जल्मले हितं, लगीन हितं,
मतदानाला दर वक्ताला गाडी करून येतोय आमी."
मी म्हणाले, कोइमतूरला नोंद झाली असेल तर...
तिनं फडताळातनं बाटली काढून दिली,
खोकल्याचं औषध, वर तमिळ अक्षरं.
तिथल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गावी जा, हवा बदला.
धूर तिकडचा, खोकला इकडचा,
मधे एक रात्र आणि अर्धा दिवस लक्झरी बस.
कुठल्या तालुक्यात मांडू मी हा माणूस?

"मग पाच म्हैन्यांनी या की. वरीस भरंल."
वर्ष निदानाच्या तारखेला भरलेलं लागतं,
नंतर भरून चालत नाही,
हे सांगायला तोंड उघडलं
आणि म्हणाले, येते.

उठताना त्यांची नजर माझ्या गळ्यापाशी थांबली.
"वाट्या कुठनं केल्या?"
सांगलीत.
"बावीस सांगितलं आसंल."
हो.
"अठरा हाय."
मग बराच वेळ खोकला.
अक्काताईनं तांब्या पुढं केला, तो त्यांनी हातानंच परतवला.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले, "कुणाला दिसत न्हाई."

सोमवारी पडद्यावर नवा नकाशा.
खानापूर तालुका फिका पिवळा.
सुधारणा आहे, साहेब म्हणाले.
मी वाट्या बोटात धरून बसले होते.